डेबियन, बी निगेटिव्ह आणि विजयाबाईंच्या फळ्या

लष्कर, ग्वाल्हेर
बुधवार, सकाळ

तीर्थस्वरूप लीलाताईस धाकट्या मधूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग आता कागदावरच घडतो. कंबर धरल्यापासून आठांतली पाच अंगं जमिनीला लागतात, उरलेली तीन मनोभावे हवेत असतात.)

गुडघा कसा आहे? नवा गुडघा जिना चढताना आवाज करतो आणि भाऊजी त्यावर तिळाचं तेल चोळायला सांगतात, हे तू फोनवर सांगितल्यापासून आमच्या घरात दोन तट पडले आहेत. हिचं म्हणणं, तेल चोळावं. माझं म्हणणं, डॉक्टरांनी हमी दिलेल्या वस्तूला आपण हात लावू नये. तू काय करतेस ते कळव, म्हणजे इकडचा वाद मिटेल. भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही दोघं खुशाल आहोत. थंडी पडली आहे आणि दुपारी गच्चीवर उन्हात बसून मी मटार सोलतो, त्यातले निम्मे डब्यात पडतात.

पत्रास कारण, तुझे आभार मानायचे आहेत. धाकटा भाऊ आभार मानतोय म्हटल्यावर तू चष्मा पुसून शेवटचं पान आधी बघशील, हे मला ठाऊक आहे. तसं काही नाही. हे पत्र निव्वळ आभाराचं आहे. गेल्या महिन्यात तू फोनवर पाऊण तास खर्च करून आम्हाला ऑपरेटिंग सिस्टिम निवडून दिलीस, ती उत्तम चालली आहे. मधल्या काळात जे घडलं त्याचा दोष त्या सिस्टिमला अजिबात देता येणार नाही, आणि तुला तर नाहीच नाही. काय घडलं ते सविस्तर सांगतो.

आमचं रक्तमित्र मंडळ तुला माहीत आहे. टोपी बाजारात बनियन-मोज्यांच्या दुकानावर एक खोली, त्यात एक टेबल, एक संगणक आणि साठीच्या पुढचे आम्ही तिघं. अध्यक्ष सदाशिवराव (इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक), सदस्य विजयाबाई आणि सचिव मी. काम एकच. गावातल्या तेवीसशे रक्तदात्यांची यादी ठेवायची: नाव, गट, फोन आणि शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. पुरुषाने तीन महिने आणि बाईने चार महिने झाल्याशिवाय पुन्हा द्यायचं नाही, म्हणून तारीख महत्त्वाची. दवाखान्यातून फोन आला की संगणकाला विचारायचं, आज कोण देऊ शकतं, आणि त्याला बोलावून घ्यायचं. त्यात सोनिका म्हणून एक नऊ वर्षांची मुलगी आहे. तिला थॅलेसीमिया आहे, दर तीन आठवड्यांनी गुरुवारी रक्त चढवावं लागतं, आणि तिचा गट बी निगेटिव्ह. या गटाची माणसं गावात शोधून शोधून आम्हाला अकरा सापडली. ती अकरा माणसं एकामागून एक नीट लावली तरच सोनिकाचं वर्ष पार पडतं. यादी म्हणजे काय, ते तिच्या आईला विचारावं.

तर हा संगणक म्हातारा झाला होता. त्यातल्या जुन्या सिस्टिमला दुरुस्त्या येणं बंद होऊन चार वर्षं झाली होती, आणि दोन गटांच्या याद्या एकदम उघडल्या की तो डोळे मिटून बसायचा. म्हणून ठरलं की नवी मुक्तस्रोत, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारी, सिस्टिम घालायची आणि यादी खऱ्याखुऱ्या डेटाबेसमध्ये ठेवायची. हे काम अश्लेषाकडे दिलं. अश्लेषा आमच्याच गल्लीतली, इथल्या एका कॉलेजात संगणक शिकवते, दोन मुलांची आई आहे आणि मंडळाचं काम कॉलेज सुटल्यावर करते. ती मराठी बोलते, पण आपल्या इथल्या पुष्कळ पोरींसारखी एक पाय हिंदीत ठेवून. पहिल्या सभेत ती म्हणाली, "काका, डेटाबेस तर कशावर पण चालेल, पण बार बार बदलावं लागणार नाही असं काही घेऊ या." आणि तिने तीन नावं फळ्यावर लिहिली. डेबियन, उबुंटू आणि फ्रीबीएसडी.

या तीन नावांवर आम्ही तीन सभा घेतल्या. (सोयरीक ठरवताना एवढ्या घेतल्या नव्हत्या.) अश्लेषाचा मूळ कल फ्रीबीएसडीकडे होता, कारण ती फायली फार जपून ठेवते म्हणे. पण तिचं चिन्ह म्हणजे हातात त्रिशूळ आणि डोक्याला शिंगं असलेला लाल रंगाचा छोटा राक्षस. तो पडद्यावर पाहून सदाशिवरावांनी डोळे मिटले. रक्ताच्या कामाला राक्षस ठेवला तर लोक काय म्हणतील, असा त्यांचा ऐतिहासिक मुद्दा होता. उबुंटूला कुणाचाच विरोध नव्हता, आणि आमच्या मंडळात ज्याला विरोध होत नाही त्यावर चर्चाही होत नाही, त्यामुळे ती मागे पडली. डेबियन हे नाव एका जोडप्याच्या नावांतून बनलं आहे हे कळल्यावर विजयाबाई एकदम मोहरल्या आणि त्या दोघांचं आता कसं काय चाललंय असं विचारू लागल्या. ते केव्हाच वेगळे झाले होते, म्हणून अश्लेषाने विषय बदलला.

घोडं अडलं ते मोफतपणावर. विजयाबाईंचं म्हणणं असं की जे फुकट मिळतं त्यात काहीतरी खोट असते, साबणाबरोबर मिळालेल्या चमच्यापासून त्यांचा हा अनुभव आहे. जगाच्या चार कोपऱ्यांतली अनोळखी माणसं रिकाम्या वेळात बसून आपल्यासाठी एवढं मोठं काम का करतील, याचं उत्तर त्यांना हवं होतं. सदाशिवरावांनी वीस मिनिटं उत्तर दिलं, ते कुणाला कळलं नाही. शेवटी अश्लेषा म्हणाली, "काकू, आपण पण तर फुकटच देतो. कोणाला जाणार ते नाव पण नाही विचारत." मग 'मोफत चालेल' या बाजूने विजयाबाईंनी हात वर केला, तो मोजणी संपली तरी खाली घेतला नाही.

त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. चाळीस वर्षं नागपूरच्या कचेरीत संगणक सांभाळलेली व्यक्ती आमच्या घराण्यात एकच, आणि मी तिला गुडघ्याशिवाय दुसरं काही विचारत नाही याची मला त्या दिवशी लाज वाटली. तू सांगितलंस ते मी वहीत उतरवून घेतलं आहे. डेटाबेसच्या यंत्राला उत्साही सिस्टिम नको, कंटाळवाणी हवी. दोन वर्षांत एकदा नवी होते आणि मधल्या काळात फक्त दुरुस्त्या घेत मुकाट बसते ती घे, म्हणजे डेबियनची स्थिर आवृत्ती. सिस्टिम एका डिस्कवर ठेव आणि यादी दुसऱ्या. आणि यादीची दुसरी प्रत दर आठवड्याला काढून ठेव. कंटाळवाणी हा शब्द मी समितीला सांगितला मात्र, ती सगळ्यांना आपल्या घरचीच वाटू लागली आणि ठराव एकमताने पास झाला. ताई, त्या पाऊण तासाबद्दल खरोखर आभार.

आता त्यानंतरच्या सोमवारी काय झालं ते. तुझा दुसरा सल्ला मी आधीच पाळला होता. संगणकात एकावर एक अशा दोन डिस्का होत्या, वरचीवर जुनी सिस्टिम आणि खालचीवर यादी. पस्तीस वर्षांच्या कारकुनीत मला चिठ्ठ्या चिकटवायची सवय लागलेली. मी सुवाच्य अक्षरात एकीवर लिहिलं 'वर' आणि दुसरीवर लिहिलं 'खाली'. मंडळाचं काम मराठीत चालतं, त्यामुळे याहून स्पष्ट काही लिहिता आलं असतं असं मला वाटत नाही, म्हणजे तेव्हा वाटलं नव्हतं. सोमवारी अश्लेषाने यंत्र उघडलं. आत मोज्यांच्या दुकानातून उडालेला पाच वर्षांचा कापूस होता. तो झाडण्यासाठी तिने दोन्ही डिस्का बाहेर काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, आणि त्या क्षणी वर आणि खाली हे दोन्ही शब्द निराधार झाले.

आता बघ. तिच्यासमोर दोन डिस्का. एकीवर लिहिलंय 'वर'. मंडळ पूर्वी वधूवरांची यादी ठेवायचं हे तिला ठाऊक, तिचं स्वतःचंही लग्न त्या यादीतूनच जमलेलं, तेव्हा ही वरांची यादी असणार आणि ती जपायला हवी. दुसरीवर लिहिलंय 'खाली'. म्हणजे हिंदीत रिकामी. (ती घरी 'वरती' आणि 'नीचे' म्हणते, मी ऐकलं आहे.) मग तिने काळजीने, हळुवार हातांनी, नवरदेवांची म्हणून ती जुनी निकामी सिस्टिम बाजूला फडक्यात गुंडाळून ठेवली, आणि तेवीसशे रक्तदात्यांवर डेबियन चढवली. वीस मिनिटांत काम झालं. मी भाजी घेऊन परत आलो तेव्हा पडदा निळाशार, स्वच्छ आणि संपूर्ण रिकामा होता. तिने एकदा विचारायला हवं होतं असं कुणीही म्हणेल, पण जाऊ दे, माणसाच्या हातून होतं. खरा दोष भाषेचा. एकाच गावात एकाच शब्दाचे दोन अर्थ नांदत असले की कधीतरी कुणाच्या तरी पायात यायचेच.

तू आता विचारशील, दुसरी प्रत कुठे होती? होती, ताई. दर शनिवारी न चुकता काढत होतो. त्याच डिस्कवर, 'सुरक्षित' नावाच्या कप्प्यात. तुझा श्वास ऐकू आला मला.

अश्लेषा दोन दिवस त्या डिस्कवर निरनिराळी साधनं चालवत बसली. कॉलेजातून रजा घेतली, जेवायला उठेना. खरवडून खरवडून तिला एक फोटो मिळाला, मंडळाच्या सत्काराचा, ज्यात सदाशिवराव जांभई देत आहेत. आणि सोनिकाचा गुरुवार उद्यावर आलेला. त्या आठवड्यात रक्तपेढीत बी निगेटिव्हची एकही पिशवी नव्हती. आम्ही तिघांनी आठवून आठवून नावं कागदावर काढली, एकसष्ट झाली, त्यांतली सतरा माणसं आता या जगात नाहीत आणि बरीचशी आमच्यासारखीच रक्त देण्याचं वय उलटून गेलेली. बी निगेटिव्ह दोनच आठवले. एकाने तीन आठवड्यांपूर्वीच दिलं होतं आणि दुसरा भोपाळला बदलून गेला होता. मी सोनिकाच्या आईला फोन लावायला घेतला आणि तीनदा ठेवला. तिला काय सांगू, की वर आणि खालीमध्ये गडबड झाली?

तेव्हा विजयाबाई पदर खोचून उठल्या. म्हणाल्या, "माझ्या घरी चला. पण डबे उतरवायला दोन माणसं लागतील." आम्हाला वाटलं, धक्क्याने बाईंचं काहीतरी झालं. पण निघालो. खासगी बाजार नावाच्या पेठेतलं त्यांचं स्वयंपाकघर म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत फळ्याच फळ्या, आणि प्रत्येक फळीवर डब्यांखाली कागद अंथरलेला. तो कागद म्हणजे भिंतीवरच्या दिनदर्शिकेची जुनी पानं. आणि त्या पानांवर, प्रत्येक तारखेच्या चौकोनात, त्यांच्या बारीक तिरक्या अक्षरात, त्या दिवशी कुणी रक्त दिलं त्याचं नाव आणि गट, माणूस नवा असेल तर पत्ता आणि फोनही. अकरा वर्षांचं. संगणकावर आपला विश्वास नाही हे कुणाला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. वर्ष संपलं की पानं फळीवर जायची, कारण कागद जाड असतो आणि फुकट मिळतो. (हे फुकट त्यांना चालतं, मी विचारलं नाही.)

मग ताई, सदाशिवराव स्टुलावर, मी खाली, आणि अश्लेषा जमिनीवर फतकल मारून मोबाईलवर फोटो काढतेय, असा तो कार्यक्रम दुपारभर चालला. तुरीच्या डाळीखाली २०१९ सापडलं, पोह्यांखाली २०२२. मार्चमधले बरेच ए पॉझिटिव्ह हळदीत पिवळे झाले होते. हिंगाच्या डबीखालच्या दात्यांचा वास अजून माझ्या बोटांना येतो. लोणच्याच्या बरणीखाली, तेलाने पारदर्शक झालेल्या चौकोनात, अश्लेषाला दिसलं: समरजीत, बी निगेटिव्ह, पाटणकर बाजार, भांड्यांचं दुकान. खाली फोन होता, त्याचे शेवटचे तीन आकडे तेलाने खाल्ले होते. तारीख जुनी होती, पण भिंतीवरच्या चालू दिनदर्शिकेत चार महिन्यांपूर्वीच्या पानावर तो पुन्हा निघाला, त्यामुळे आता देऊ शकत होता. फोनच्या भानगडीत न पडता विजयाबाई तशाच हिंगाच्या हातांनी पाटणकर बाजारात गेल्या. समरजीत गिऱ्हाइकाला कुकर दाखवत होता. तो म्हणाला, "काकू, फोन की क्या जरूरत, आवाज द्यायचा ना, मी तर इथेच बसलेला असतो." आणि गुरुवारी सकाळी दुकानाची फळी अर्धी ओढून तो रक्तपेढीत आमच्याआधी हजर होता.

त्याचं रक्त तपासून, अकरा वाजून गेल्यावर, सोनिकाला पिशवी लागली. एका हाताला सुई आणि दुसऱ्या हाताने ती भागाकार करत होती, बाकी किती उरली ते मला विचारलं. मला वहीतले आकडेच दिसेनात. डोळे भरून आले होते, ते लिहायला मला लाज वाटत नाही. समरजीत तोवर कुकर विकायला परत गेला होता. त्याला तिचं नावही माहीत नव्हतं.

पुढचे बारा दिवस अश्लेषाने एकटीने सगळी पानं वाचून यादी पुन्हा उभी केली. एकोणीसशे चाळीस नावं परत आली, बी निगेटिव्ह अकरापैकी दहा. डेबियन तुझ्या शब्दाला जागून एकदाही कुरकुरलेली नाही. सोनिकाचा पुढचा गुरुवारही झाला, आणि या वेळी नाव डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर आलं. डिस्कांवर आता 'सिस्टिम' आणि 'यादी' असं लिहिलं आहे. एक प्रत सदाशिवरावांच्या कपाटात असते, एक माझ्याकडे, आणि विजयाबाईंना नवी दिनदर्शिका मंडळातर्फे समारंभपूर्वक देण्यात आली. त्याच सभेत झाल्या प्रकाराची नोंद झाली, अश्लेषाने दिलगिरी व्यक्त केली, समितीने ती मोठ्या मनाने स्वीकारली आणि प्रकरणावर पडदा पडला.

तेव्हा तुझे, विजयाबाईंचे, समरजीतचे आणि डेबियन बनवणाऱ्या त्या अनोळखी मंडळींचे, ज्यांना मी पत्र लिहू शकत नाही, अशा सगळ्यांचे मिळून आभार हे तुझ्याच पत्त्यावर पाठवतो. भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला तेलाशिवाय आशीर्वाद.

तुझा,
मधु

ता. क. कुरियरने इथली तिळगुळाची गजक पाठवली आहे. भाऊजींना दाखवू नकोस.

ता. क. दोन. एक छोटं काम होतं. अश्लेषाला एकदा फोन करशील का? सभेनंतर तिने पासवर्डांचं बंद पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, काका, आता माझ्यावर नको सोपवू असं काही. तेव्हापासून ती खोलीवर आलेली नाही. गल्लीत दिसली की मान खाली घालून जाते. तू या कामातली मोठी, तू समजावलंस तर ऐकेल. सांग, चूक तुझी नव्हती.

ता. क. तीन. वरचं वाचून मलाच कसंतरी झालं, म्हणून लिहितो. तिने विचारलं होतं, ताई. त्या सोमवारी मी भाजीवाल्याशी मेथीवरून हुज्जत घालत असताना तिचा फोन आला होता. ती म्हणाली, "काका, सिस्टिम खाली डिस्कवर टाकते, ठीक ना?" बाजाराच्या गलक्यात मला एवढंच कळलं की सिस्टिम खाली ठेवायची म्हणते. टेबलाचा पाय हलतो, म्हणून मीच आदल्या दिवशी यंत्र जमिनीवर ठेवू या म्हणालो होतो. मी ओरडून सांगितलं, "खालीच टाक, वर अजिबात नको." सभेत ती उभी राहून म्हणाली की चूक माझी आहे, मी विचारायला हवं होतं. फोनचं नाव काढलं नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं फक्त. आणि मी इतिवृत्त लिहीत होतो, ते लिहीतच राहिलो.

ता. क. चार. तू तिला फोन करू नकोस. मीच जातो. हे मेलवर लिहिलं असतं तर वरचा मजकूर पाठवण्याआधी पुसून टाकला असता, म्हणून पाकिटात घालून पेटीत टाकतो आहे. तुला शनिवारी मिळेल. रविवारी संध्याकाळी सहा वाजता मी, चूक माझी होती हे सांगायला, तिच्या घरी जाणार आहे, आणि पुढच्या सभेत उभा राहून तेच पुन्हा सांगणार आहे. तू सात वाजता मला फोन कर. उचलला नाही, तर तिथेच बसलो आहे असं समज. पहिल्याच घंटेला उचलला, तर मला चांगलं झाप.